पडली की पाडली?



मला दिलेल्या दोन मिनिटांत एका भटकंतीविषयी सांगते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघं इंग्लंडमधल्या डॉर्सेटचा कॉर्फ कॅसल बघायला गेलो. अकराव्या शतकापासूनचा किल्ला; आज नुसते भग्न बुरूज. एका दरवाजाचा अर्धा भाग तर उतारावर घसरूनही उभाच आहे. मुलगी म्हणाली, "जुना झाला म्हणून पडला ना?"

मला आपल्या इतिहासाच्या बाई आठवल्या. सहलीत प्रत्येक भिंतीपाशी त्या विचारायच्या, "पडली की पाडली?"

कॉर्फ पाडलेला आहे. यादवी युद्धात लेडी मेरी बँक्स यांनी तो झुंजवला. १६४६ मध्ये फितुरीने गेला आणि पार्लमेंटच्या हुकमाने सुरुंग लावून उडवला. त्याचे दगड गावातल्या घरांना लागले. मग मुलीला सांगितलं, १८१८ मध्ये इंग्रजांनी सह्याद्रीतल्या कित्येक गडांच्या पायऱ्या अशाच उडवल्या. पुन्हा कोणी वर चढून लढू नये म्हणून.

तिच्या शाळेच्या पुस्तकांत आपले गड नाहीत. पण बाई, तुमचा प्रश्न आता ती विचारते.