दप्तराची राखण
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणावरून)



कार्यकारी मंडळाने आज आम्हांस बोलावयास उभे केले आहे, ते काही आमच्या विद्वत्तेसाठी नव्हे. आम्ही एक जुने शाळामास्तर. आयुष्य फळ्यासमोर गेले. परंतु गेली काही वर्षे मंडळाचे दप्तर आमच्याकडे आहे, आणि त्या कामी आमच्या हातून एक मोठी चूक घडली. ती सर्वांसमोर कबूल करावी आणि तीपासून मिळालेला धडा सांगावा, एवढाच हेतू.

आपल्या शिक्षणनिधीतून मुलांना बिनव्याजी कर्ज दिले जाते. त्याची नोंदवही पूर्वी कागदाची होती. पुढे ती संगणकावर गेली. काम घरी व कार्यालयात दोहोंकडे चाले, म्हणून ताजी नोंद आम्ही एका पेन ड्राइव्हवर ठेवीत असू. एके दिवशी तो बाहेरच्या एका संगणकाला लावून आणला आणि घरी उघडून पाहतो तो सर्व फोल्डर नाहीसे! त्यांच्या जागी केवळ बाणाची खूण असलेली चित्रे. आम्ही घाबरलो, आणि सर्व गेले असे समजून पेन ड्राइव्ह कोरा करून टाकला. वर त्यावर नवी छायाचित्रेही भरली. पुढे एका जाणत्या विद्यार्थ्याने सांगितले, की तो विषाणू फाइली पुसत नाही, फक्त दडवून ठेवतो. दडलेल्या फाइली उघड करण्याची एक साधी आज्ञा दिली असती तर नोंदवही जशीच्या तशी मिळाली असती. विषाणूने न केलेला नाश आमच्या उतावळेपणाने केला.

उरलेली प्रत अकरा महिन्यांपूर्वीची होती. तिच्याच आधारे थकबाकीची पत्रे गेली, आणि त्यांतील एक पत्र अशा एका भगिनीच्या घरी पडले, की जिने पतीच्या पश्चात शिवणकाम करून मुलाच्या कर्जाचा शेवटचा हप्ता कधीच फेडला होता. ती माउली पावती पदराच्या गाठीला बांधून कार्यालयात आली. एक शब्द बोलली नाही. पावती टेबलावर ठेवली. त्या क्षणी आम्हांस धरणीने पोटात घ्यावे असे झाले. मंडळाची नोंद हरवली होती. तिने आपला कागद जपला होता. दप्तर म्हणजे नुसते आकडे नव्हेत, त्यात माणसांची अब्रू असते, हे त्या दिवशी उमगले.

त्यानंतर दुसरा प्रश्न पुढे आला. आपली कुटुंबसूची फार वर्षांपूर्वी एका जुन्या अक्षरजुळणीच्या प्रणालीत बांधली होती. त्या काळच्या पुष्कळ मराठी फाँटांत अक्षरे निराळ्याच संकेतांनी साठवली जात. तो फाँट नसेल तर मजकूर उघडूनही नुसती निरर्थक चिन्हे दिसतात. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती खरी, परंतु आपल्याकडील छापखान्यांत ती रुळायला पुष्कळ काळ लागला. आमची ती प्रणाली विंडोज एक्सपीवरच चाले, आणि चालण्यासाठी संगणकाला एक यूएसबी कुलूप लावलेले असावे लागे. जुना संगणक बंद पडला. आता करावे काय?

तेव्हा आम्हांस आभासी यंत्राची युक्ती समजली. चालू संगणकाच्या पोटात, व्हर्च्युअलबॉक्ससारख्या आज्ञावलीच्या साहाय्याने, दुसरा संगणक मांडता येतो. बाहेरच्यास यजमान आणि आतल्यास पाहुणा म्हणतात. एक्सपी आत सुखाने चालू लागले, परंतु कुलूप काही दिसेना! कारण असे, की यूएसबीला जे लावावे ते प्रथम यजमानाच्या हाती पडते. खिडकीच्या वरच्या यादीतून ते उपकरण निवडून पाहुण्याच्या स्वाधीन करावे लागते; तसे केले की यजमानाला ते दिसेनासे होते. एक किल्ली एका वेळी एकाच्याच कनवटीला राहते, तसाच हा व्यवहार. रोजची निवड टाळायची तर त्या उपकरणासाठी कायमचा नियम नोंदवून ठेवता येतो. यजमान लिनक्स असेल, तर वापरणाऱ्याचे नाव आधी व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी गटात घालावे लागते. आमचे दोन दिवस एवढ्यासाठीच फुकट गेले.

येथे काही पथ्ये सांगतो. पेन ड्राइव्ह पाहुण्याच्या हाती असता उपटून काढू नये. लिहिणे अर्धवट राहिले तर फाइल बिघडते. आधी आतून निरोप द्यावा, मगच सोडवावा. एक्सपीची सुरक्षा-दुरुस्ती ८ एप्रिल २०१४ पासून थांबली आहे. म्हणून त्या पाहुण्याला इंटरनेटची जोडणी देऊ नये. यजमान व पाहुणा यांचा सामाईक फोल्डरही उघडा ठेवू नये, कारण आत शिरलेला विषाणू त्याच दाराने बाहेर येऊन घरच्या फाइलींना हात घालू शकतो. आणि पाहुण्याची त्या क्षणाची स्थिती जतन करण्याची जी सोय असते, तिला कोणी दुसरी प्रत समजू नये. ती त्याच डिस्कवर असते. डिस्क गेली की दोन्ही गेली.

मोठ्यांचेही हाल होतात, हे लक्षात असू द्यावे. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाचा विषाणू जगभर पसरला, तेव्हा आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम विस्कळीत झाले होते. मग आपल्या एका संगणकाची काय कथा?

यावर उपाय एकच, आणि तो जुनाच आहे: प्रती करा. तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि एक तरी गावाबाहेर असावी. प्रतीची डिस्क काम होताच संगणकापासून सोडवून ठेवावी; जोडलेली राहिली तर विषाणूला तीही मिळते. आपण कृष्णा-कोयनेच्या संगमावर राहणारी माणसे. प्रीतिसंगम आपले भूषण, परंतु ऑगस्ट २०१९ मधील महापूर आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप आपण कसा विसरावा? सर्व प्रती कऱ्हाडातच ठेवणे म्हणजे सर्व धान्य एकाच कणगीत ठेवणे होय.

कुटुंबसूची आम्ही आता युनिकोडमध्ये आणली आहे, म्हणजे पुढील पिढीस कुलपाची याचना नको. शिक्षणनिधीची नोंद हप्ता येताच कागदावर आणि संगणकावर, दोहोंकडे होते. आमची विनंती एवढीच, की लक्ष्मीपूजनाला आपण चोपडीपूजन करतो, त्याच दिवशी मंडळाने दप्तराच्या तिन्ही प्रती प्रत्यक्ष उघडून वाचून पाहाव्यात. न उघडलेली प्रत ही असून नसल्यासारखीच. घरोघरीही उतारे, दाखले, छायाचित्रे यांचे असेच करावे.

त्या भगिनीची आम्ही घरी जाऊन क्षमा मागितली. ती म्हणाली, "गुरुजी, माझा कागद होता म्हणून निभावलं. ज्यांच्यापाशी नसंल, त्यांचं काय?" या प्रश्नाचे उत्तर देण्याची जबाबदारी दप्तर राखणाऱ्यांची आहे.