मुकाटपणा म्हणजे शांतता नव्हे
(तोरणमाळ येथे स्त्री-कार्यकर्त्यांच्या शिबिरात झालेले भाषण)



तोरणमाळचा घाट उतरला की शहाद्याचा सपाट मुलूख लागतो. १९७२-७३ च्या सुमारास तेथील भिल्ल स्त्रियांनी दारूविरुद्ध मोहीम उभारली, दारूची मडकी फोडली आणि बायकोला मारहाण करणाऱ्या पुरुषांना गावासमोर जाब विचारला. त्याआधीही त्यांच्या झोपड्यांत वरवर शांतता होतीच. मार खाणारी स्त्री ओरडत नसे, एवढाच त्या शांततेचा अर्थ. लष्करी बळावर उभ्या राहिलेल्या राजवटीतील शांतता याच जातीची असते. आपल्या शेजारच्या गोव्याने ती साडेतीन दशके भोगली.

२८ मे १९२६ रोजी पोर्तुगालमध्ये लष्कराने प्रजासत्ताक उलथून टाकले आणि त्यातूनच पुढे सालाझारची हुकूमशाही उभी राहिली. गोव्यात सभा, पक्ष व वृत्तपत्रे यांची गळचेपी झाली. लग्नपत्रिकादेखील छापण्यापूर्वी सरकारी तपासणीतून जावी लागे. राजकीय आरोपींचे खटले लष्करी न्यायाधिकरणापुढे चालत. अशा राज्यात गुन्हेगार ठरण्यास शस्त्र उचलावे लागत नसे. चारचौघांत उभे राहून बोलणे पुरेसे होते.

हा गुन्हा स्त्रियांनी जाणूनबुजून केला. १८ जून १९४६ रोजी डॉ. राममनोहर लोहियांनी मडगावात सभाबंदी मोडली. त्या दिवसांतच वत्सला कीर्तनी या तरुणीला अटक होताच मडगावच्या स्त्रिया पोलीस ठाण्यावर गेल्या. तिला सोडा, नाहीतर आम्हा सर्वांनाच पकडा, ही त्यांची मागणी होती. ६ एप्रिल १९५५ रोजी म्हापशास गोवा नॅशनल काँग्रेसचे अधिवेशन भरले, तेव्हा अध्यक्षपदी सुधाताई जोशी होत्या. त्यांना तेथेच अटक झाली आणि पुढे दीर्घ मुदतीच्या तुरुंगवासाची शिक्षा झाली. ही शिक्षा कोणाची पत्नी म्हणून किंवा कोणाची मदतनीस म्हणून झाली नाही. एका सभेची अध्यक्ष म्हणून झाली. त्याच वर्षी १५ ऑगस्टला मध्य प्रदेशातील सहोदराबाई राय यांनी सत्याग्रहींचा तिरंगा हाती धरून गोळ्या झेलल्या. नोव्हेंबरात लिबिया लोबो व वामन सरदेसाई यांनी सरहद्दीवरील जंगलातून गुप्त नभोवाणी सुरू केली. ती १९६१ पर्यंत चालू होती.

येथे एक आक्षेप घेतला जातो. गोवा अखेर डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्याने मुक्त केला. मग या निःशस्त्र स्त्रियांनी काय साधले? सैन्याला दोन दिवसांत जुनी राजवट हटवता आली, हे खरेच. परंतु जुलमी सत्ता गेली म्हणून लोकशाही आपोआप येत नाही. तिला भीती टाकलेला नागरिक लागतो, आणि तो घडवण्याचे काम मडगावच्या ठाण्यापुढे व म्हापशाच्या सभेत आधीच सुरू झाले होते.

ते काम पुरे झाले काय? गोव्याच्या ४० जागांच्या विधानसभेत २०२२ साली केवळ ३ स्त्रिया निवडून आल्या. जिच्या धैर्याशिवाय सभा भरत नव्हती, तिला सभागृहात मात्र जागा मिळाली नाही.

गोव्याकडे बोट दाखवून आपली सुटका होणार नाही. महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तरीही कित्येक गावांत सही सरपंचबाईंची आणि कारभार त्यांच्या नवऱ्याचा, ही स्थिती आहे. येथे तपासनीस नाही, लष्करी न्यायाधिकरणही नाही; तरी बाई मुकी आहे. म्हणून या शिबिरातून परतणाऱ्या प्रत्येक भगिनीने पुढच्या ग्रामसभेत उभे राहून निदान एक प्रश्न स्वतःच्या तोंडाने विचारावा. रेशनचा असो, पाण्याचा असो, वा दारूच्या गुत्त्याचा. सुधाताईंना सभेत उभे राहण्याची किंमत तुरुंगात मोजावी लागली. ती किंमत ज्यांना आज मोजावी लागत नाही, त्यांनी गप्प बसणे शोभत नाही.