बग आला की चूक केली?

प्रोग्रॅम बिघडला की आम्ही इंजिनिअर 'बग आला' म्हणतो. जणू किडा खिडकीतून शिरला. संगणकशास्त्रज्ञ एड्सगर डायक्स्ट्रा यांनी १९८८ मध्येच सुचवलं होतं, बग नव्हे, चूक म्हणा. ती लिहिणाऱ्याने केलेली असते. मला पटतं. 'बग आला' म्हणणारा किडा मारून मोकळा होतो. 'चूक केली' म्हणणारा आपण काय गृहीत धरलं ते तपासतो, आणि नवं तिथेच सुचतं.

घरात 'आपल्यात मुलींना इतकं शिकवत नाहीत' हेही असंच, कर्ताच नसलेलं वाक्य. अब्बांना विचारा, "म्हणजे तुम्ही शिकवणार नाही?" आता कारण द्यावं लागतं. कारण कळलं तर तोडगा शोधता येतो: फी, होस्टेल, की संध्याकाळची शेवटची एसटी?