दात्याच्या पेशी आणि रक्ताचा कर्करोग



भारतात अस्थिमज्जेचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २० मार्च १९८३ रोजी झाले. रक्ताचा कर्करोग झालेल्या एका लहान मुलीला डॉ. सुरेश अडवाणी यांनी तिच्याच भावाची अस्थिमज्जा दिली. आज अमरावती-अकोल्याकडील रुग्णही या उपचारासाठी मोठ्या शहरांची वाट धरतात. दाता पुष्कळदा सख्खा भाऊ किंवा बहीण असते.

प्रत्यारोपणानंतर आजार उलटला, तर रोगट पेशी बहुधा रुग्णाच्याच असतात. क्वचित मात्र दात्याकडून आलेल्या पेशींतच नवा कर्करोग उद्भवतो. १९७१ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात अमेरिकेतील अशा एका मुलीची हकीकत प्रसिद्ध झाली. तिला भावाची अस्थिमज्जा मिळाली होती. पुढे आढळलेल्या रोगट पेशींत पुरुषाची गुणसूत्रे होती. ही नोंद करणाऱ्यांपैकी डॉ. डॉनल थॉमस यांना पुढे १९९० साली नोबेल पारितोषिक लाभले.

असे का घडते? वऱ्हाडातील शेतकऱ्याला हे सांगणे कठीण नाही. सरकीचे एकच वाण दोन शेतांत पेरले, तरी एका शेतात बोंडे भरतात आणि दुसऱ्यात पीक मर रोगाने वाळते. रुग्णाची मज्जा तीव्र औषधांनी व किरणांनी शिणलेली असते. तेथे थोड्या पेशींना झपाट्याने वाढून सर्व रक्त उभे करावे लागते. शरीराची प्रतिकारशक्तीही औषधांनी दाबलेली असते. काही वेळा दात्याच्या पेशींत उपजत किंवा वयोमानाने आलेला सूक्ष्म दोष दडलेला असतो. त्याची जाणीव खुद्द दात्यालाही नसते.

म्हणूनच घरात असा प्रसंग ओढवला असता ‘याच्याच रक्तात खोट होती’ हे उद्गार अन्यायाचे ठरतात. अशा बहुतेक प्रसंगी दाता स्वतः निरोगी राहतो. तरीही त्याची तपासणी करतात. ती दोषारोपासाठी नव्हे, त्याच्या आणि कुटुंबाच्या संरक्षणासाठी. या विरळ शक्यतेपायी दान नाकारणेही योग्य नव्हे. कारण अनेक रुग्णांना प्रत्यारोपणाखेरीज बरे होण्याचा दुसरा मार्ग उरत नाही.

हा आजार काही महिन्यांनी, तसाच कित्येक वर्षांनीही प्रकट होऊ शकतो. रुग्णाला बरे वाटू लागले, की बुडणारी मजुरी व रात्रभराचा रेल्वेप्रवास यांमुळे पुढील तपासण्या चुकतात. येथेच ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांचे साहाय्य मोलाचे ठरते. गावातील अशा रुग्णाला तपासणीच्या तारखेची आठवण द्यावी. सततचा थकवा, ताप, अंगावर काळे-निळे डाग अथवा हिरड्यांतून रक्त दिसताच त्याला विनाविलंब डॉक्टरांकडे पाठवावे. आणि ज्या भावाबहिणीने आपली मज्जा दिली, तिला गावाने दोष न देता सन्मान द्यावा.