पावसाळा, ई-स्कूटर आणि 'आयपी ६७'चा खरा अर्थ

पाऊस सुरू झाला की मला हमखास विचारतात, "इलेक्ट्रिक स्कूटर पावसात चालवली तर शॉक बसतो का रे?" नाही बसत. बॅटरी, मोटर सीलबंद असतात. बिनधास्त चालवा.

पण शोरूममध्ये ऐकवतात तो 'आयपी ६७' समजून घ्या. ६ म्हणजे आत धूळ जात नाही. ७ म्हणजे १ मीटर खोल, स्थिर पाण्यात ३० मिनिटं. ही टेस्ट लॅबमध्ये, नव्या भागावर होते. प्रेशर वॉशरचा फवारा आणि जुनं झालेलं रबर सील त्यात धरलेलं नाही. शिवाय बॅटरीचं रेटिंग म्हणजे अख्ख्या गाडीचं नव्हे.

म्हणून गाडी बादली-फडक्यानेच धुवा. चार्जिंग पोर्ट कोरडा करूनच प्लग लावा, तोही अर्थिंग असलेल्या सॉकेटला. ओल्या रस्त्यावर रीजन कमी ठेवा. थ्रॉटल सोडताच मागचं चाक अडतं आणि घसरू शकतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडलं आणि पुण्यात एकतानगरीची पार्किंग पाण्याखाली गेली. अशी बुडालेली गाडी वाळली, तरी चालू करू नका, चार्जिंगला तर अजिबात लावू नका. आत शिरलेलं पाणी हळूहळू गंज धरतं आणि काही दिवसांनीही शॉर्ट होऊन आग लागू शकते. गाडी इमारतीपासून लांब, उघड्यावर ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला उचलून न्यायला सांगा.

गाडीचा इन्शुरन्स असतो हो, जिन्याखाली लागलेल्या आगीत अडकलेल्या माणसांचं काय? भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. जपून चालवा!