अवेळी पाऊस आणि तणसाचा ढीग

मी चिचगडहून बोलते आहे. बचत गटांचं काम बघते, म्हणून तुमच्यापैकी बऱ्याच जणी मला ओळखता. आज जरा लांबून सुरुवात करते, पण येणार आहे आपल्याच गोठ्यात.

पृथ्वीच्या उत्तर टोकाला, रशियात, यमल नावाचा बर्फाचा मुलूख आहे. तिथले नेनेत्स लोक रेनडिअर पाळतात. रेनडिअर म्हणजे थंडीत राहणारं मोठं हरीण. त्यांचं मांस, कातडं, गाडी ओढणं, सगळं त्याच्यावरच. हिवाळ्यात हे जनावर खुरानं भुसभुशीत बर्फ उकरतं आणि खालचं दगडफूल खातं. आपण मसाल्यात घालतो ना, त्याच्याच कुळातलं.

२०१३ च्या नोव्हेंबरात तिथे बर्फावर पाऊस पडला. तिकडचा भाग जगाच्या मानाने फार वेगानं तापतो आहे. समुद्रावरचा बर्फ कमी झाला, उघड्या पाण्याची वाफ वाढली, आणि ऐन थंडीत पाऊस आला. मग कडाक्याची थंडी पडली आणि जमिनीवर बर्फाचा टणक थर बसला. खूर त्यात रुतेना. त्या हिवाळ्यात सुमारे ६१ हजार रेनडिअर उपाशी मेले. चारा पायाखालीच होता, पण तोंडात येत नव्हता.

हे वाचलं तेव्हा मला आमच्या गटातली एक ताई आठवली. तिनं गटाचं कर्ज घेऊन म्हैस घेतली होती. दिवाळीच्या सुमारास धानाच्या कडपा बांधीत पडल्या होत्या आणि पाऊस आला. तिनं धान कसंबसं वाचवलं, पण तणीस ओलंच रचलं. वरून पिवळं, आत काळं. दुसरा चारा नव्हता, म्हणून तेच घातलं. पौषात म्हशीचे पाय सुजले, शेपटीचं टोक वाळून गळालं, दूध आटलं. डॉक्टर म्हणाले, बुरशीच्या तणसानं झालं. या रोगाला डेगनाला म्हणतात, म्हशींना तो जास्त होतो.

ताईचे तीन हप्ते थकले. बैठकीत दंडाची गोष्ट निघाली. ती मान खाली घालून बसली होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं, कर्ज देताना मी व्याज विचारलं, जामीन विचारला, पण म्हशीचा चारा कुठे ठेवणार हे विचारलंच नाही. दंड आम्ही घेतला नाही. हप्ते पुढे ढकलले.

अवेळी पाऊस आता एखाद्या वर्षाची गोष्ट राहिली नाही. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तर राज्यभर उभी-कापलेली पिकं भिजली. हवा तापली की ती जास्त वाफ धरते, आणि मग पडतो तो पाऊस जोराचा पडतो. तो आपण थांबवू शकत नाही. ढीग मात्र आपल्या हातात आहे.

तणीस वाळल्याशिवाय रचू नका. जमिनीवर न रचता लाकडाचा माच करून त्यावर रचा, म्हणजे खालून ओल चढत नाही. ढिगाचा माथा उतरता ठेवा, वर ताडपत्री बांधा. ऊन पडलं की ती काढून हवा लागू द्या. चारा घालताना पेंढी फोडून बघा. काळी पडलेली, कुबट वासाची असेल तर ती बाजूला टाका. "ढोर खाते ना" म्हणून घालू नका. उपाशी ढोर काहीही खातं. कान, शेपूट, पाय यांवर सूज किंवा काळेपणा दिसला तर ते तणीस लगेच बंद करा, पशुसखीला बोलवा, दवाखान्यात कळवा.

ताडपत्री एकटीला महाग पडते. आमच्या गटानं दोन घेतल्या, कापणीच्या दिवसांत ज्यांचं धान बाहेर असेल त्यांना पाळीनं देतो.

यमलच्या ज्या घरांचे कळप गेले, त्यांनी मासेमारीवर दिवस काढले आणि शेजाऱ्यांकडून रेनडिअर उसने घेऊन पुन्हा कळप उभा करायला घेतला. त्याला वर्षं लागतात. उसनं देणारं शेजारी कोणीतरी असावं लागतं. आपल्याकडे तो शेजार म्हणजे गट.

पुढच्या बैठकीत हप्त्यांच्या आधी एकमेकींना एवढं विचारा: बाई, तुझं तणीस कोरडं आहे ना?