नावं नसलेली मोजणी

सर्व्हरची डिस्क भरलेली असते. नुकताच कामाला लागलेला तरुण सगळ्यात मोठी लॉग फाइल शोधून ती पुसायला आरएम ही आज्ञा चालवतो. फाइल दिसेनाशी होते. डीयूच्या हिशेबात जागा मोकळी झालेली असते, पण डीएफ म्हणतं, डिस्क होती तेवढीच भरलेली आहे. दोन्ही आज्ञा खरंच सांगत असतात. फाइलचं नाव पुसलं गेलं, पण ती उघडून बसलेला प्रोग्राम अजून चालू आहे. एलएसओएफच्या यादीत ती ‘डिलीटेड’ अशा शेऱ्यासह सापडते आणि तो प्रोग्राम बंद केला की जागा सुटते.

लिनक्समध्ये प्रत्येक फाइलमागे एक इनोड, म्हणजे फाइलची मूळ नोंद, असतो. त्याला किती नावं आहेत हा आकडा डिस्कवर असतो, तर चालू कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, तो किती ठिकाणी धरून ठेवला आहे हा आकडा मेमरीत. दोन्ही शून्यावर आल्याशिवाय फाइलची जागा सोडायची नाही, असा नियम आहे. मेमरीतल्या या आकड्याला रेफरन्स काउंट म्हणतात.

बालाघाटच्या लोकांना ही शिस्त परकी नाही. भरवेलीला मॉइलची भूमिगत मँगनीज खाण आहे. अशा खाणीत खाली जाणाऱ्याची नोंद होते, वर आलेल्याचीही होते आणि या घडीला खाली कोण आहे ते वहीवरून कळावं लागतं. फरक एवढाच, की त्या वहीत नावं असतात. रेफरन्स काउंटमध्ये नुसता आकडा असतो. तो सात असेल, तर ते सात कोण हे कर्नलला सांगता येत नाही. या कामातली बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात.

चुका दोन जातीच्या. धरलं पण सोडलं नाही, तर मेमरी अडकून राहते. फाइल सिस्टिम अनमाउंट झाल्यावरही इनोड कोणीतरी धरलेलाच सापडला, तर जुना कर्नल ‘पाच सेकंदांत आत्मविनाश’ अशा अर्थाची ओळ छापायचा. उलट, एकदा धरून दोनदा सोडलं, तर वस्तू वापरात असतानाच मोडीत निघते. तिच्या जागी दुसऱ्याच कुणाची माहिती येऊन बसते आणि जुना वापरकर्ता तिथेच लिहीत राहतो. घुसखोराला नेमकं हेच हवं असतं.

पहिली चूक पुरेशा वेळा केली की तिची दुसरी होते. जानेवारी 2016 मध्ये पर्सेप्शन पॉइंट या संस्थेने कर्नलच्या की-रिंग विभागातली, म्हणजे प्रोग्रामच्या गुप्त किल्ल्या जपणाऱ्या भागातली, अशीच चूक उघड केली. प्रोसेसने आपलीच चालू की-रिंग पुन्हा मागितली, की धरलेला एक संदर्भ सोडायचा राहून जाई. मोजणी 32 बिटांची, म्हणजे सुमारे 429 कोटींपर्यंतची. तेवढ्या वेळा मागणी केली की आकडा फिरून शून्यावर येई. हा दोष 3.8 आवृत्तीपासून, म्हणजे 2013 पासून कर्नलमध्ये होता.

2017 च्या 4.11 आवृत्तीत पीटर झायलस्ट्रा यांनी रेफकाउंट-टी हा वेगळा प्रकार आणला. त्याचा आकडा टोकाला पोहोचला की तिथेच अडकतो, फिरून शून्यावर येत नाही. ती वस्तू मग कधीच मोकळी होत नाही. मेमरी वाया गेली तरी चालेल, पण वापरातली वस्तू हातातून निसटता कामा नये, हा निर्णय शंभर टक्के योग्य होता.

तरी हा उपाय सगळीकडे बसला नाही. मेमरीच्या पानांची मोजणी वेगळीच राहिली. 2019 मध्ये गूगल प्रोजेक्ट झीरोच्या यान हॉर्न यांनी फ्यूज फाइल सिस्टिमच्या वाटेने तीही ओसंडून वाहू शकते हे दाखवलं. त्यासाठी सुमारे 140 गीगाबाइट मेमरी लागत होती, पण मोठ्या सर्व्हरवर तेवढी असतेच. तेव्हापासून अशा जागी पान धरण्याआधी आकडा तपासला जातो आणि तो संशयास्पद असेल तर विनंती नाकारली जाते. इनोडची अडचण आणखी निराळी. तिथे शून्य म्हणजे मोडीत असं नाही. कोणी धरलेला नसलेला इनोड कॅशमध्ये पडून राहतो आणि कुलूप लावून पुन्हा उचलता येतो. शून्यावरून वर चढणाऱ्या आकड्याला रेफकाउंट-टी मात्र चूक समजतो.

प्रत्यक्ष कोडमध्ये घात होतो तो अपयशाच्या वाटेवर. फंक्शन इनोड धरतं, मग मेमरी मागतं, मग डिस्क वाचतं. डिस्कने दगा दिला, तर धरलेलं सगळं उलट्या क्रमाने सोडायला हवं. कर्नलमध्ये त्यासाठी फंक्शनच्या तळाशी गोटूच्या खुणांची उतरंड असते. मधेच कोणी नवी पायरी घातली आणि खूण बदलायला विसरला, की गळती सुरू. 2023 च्या 6.5 आवृत्तीत कंसाबाहेर पडताच संदर्भ आपोआप सुटावा अशी सोय आली, पण जुना कोड अफाट आहे.

अपयशाची वाट रोज चालली जात नाही, म्हणून ती मुद्दाम चालवावी लागते. कर्नलमधली फेलस्लॅब सोय मेमरीची मागणी ठरवून फेटाळते आणि केसॅन मोकळ्या केलेल्या जागेला कोणी हात लावला तर ओरडतो. पुण्याच्या अमित काळे यांनी बरीच वर्षं सांभाळलेला केजीडीबी 2008 मध्ये 2.6.26 आवृत्तीत मुख्य कर्नलमध्ये आला. त्यामुळे दुसऱ्या यंत्रावरून चालता कर्नल थांबवता येतो आणि आकडा कोणत्या ओळीवर उतरला ते पाहता येतं. बालाघाटमधल्या विद्यार्थ्याला यासाठी महागडं यंत्र लागत नाही. लॅपटॉपवर क्यूएमू या आभासी यंत्रात कर्नल सुरू करावा, फेलस्लॅब चालू ठेवून छोटी फाइल सिस्टिम माउंट-अनमाउंट करत राहावी आणि डीमेसेज, म्हणजे कर्नलचे संदेश, वाचत बसावं.